रोजची स्वजाहिरात की माणसं सांभाळणं: फ्रीलान्स कामं नक्की कशामुळे येतात?

टाइपखिळा (धागाकर्ता)

चित्रकार, मांडणीकार, अनुवादक, संकलक, आवाजाचं काम करणारे, सगळ्या नव्या फ्रीलान्सरांचा एक प्रश्न ठरलेला: "दिवसाला किती पोस्ट टाकू?" मला हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो, म्हणून वेगळा धागा.

काम तीन वाटांनी येतं. जुना क्लायंट परत येतो, जुना क्लायंट किंवा सहकारी तुमचं नाव सुचवतो, नाहीतर पूर्ण अनोळखी माणूस तुमचं काम बघून विचारणा करतो. स्वजाहिरात फक्त तिसऱ्या वाटेला लागू पडते, आणि तीच सगळ्यात खर्चिक. अनोळखी माणसाला दराची, दर्जाची, वेळेची, सगळीच खात्री द्यावी लागते. पहिल्या दोन वाटांनी येणाऱ्याला त्यातलं निम्मं आधीच माहीत असतं.

समोरच्याच्या बाजूने बघा. काम देणारा माणूस बहुधा कुणाला तरी उत्तरदायी असतो. तुमचं नाव सुचवताना तो स्वतःची पत पणाला लावतो. चित्र सुंदर आहे हे त्याला पोस्टमधून कळतं. पण छपाईच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही फोन उचलाल का, दुरुस्ती सांगितल्यावर फुरंगटून बसाल का, त्याच्या साहेबासमोर नीट बोलाल का, हे कुठल्याच रीलमधून कळत नाही. ते एकतर तुमच्यासोबत काम करून कळतं किंवा केलेल्याला विचारून.

तिझियाना काशारो आणि मिगेल सोझा लोबो यांनी २००५ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये याच प्रश्नावर लिहिलं होतं. विचारलं तर लोक सांगतात की सहकारी निवडताना कौशल्य आधी बघतो. प्रत्यक्षातल्या निवडी तपासल्या तर स्वभावाला लोक कबूल करतात त्यापेक्षा बरंच जास्त वजन मिळतं. माणूस मनापासून नावडता असेल तर त्याचं कौशल्य जवळपास हिशेबातच धरलं जात नाही. तो अभ्यास कार्यालयांतला आहे, पण फ्रीलान्सरला हे जास्तच लागू, कारण त्याला टाळायला राजीनामा मागावा लागत नाही. पुढचा मेल पाठवला नाही की झालं.

"चांगलं वागा" हा सल्ला मात्र कुणालाच उपयोगी नाही. रोजच्या कामात ते नेमकं कुठे दिसतं ते लिहूया.

---

कात्रीवाली

सुरुवात पहिल्या मेलपासून. विचारणा आली की त्याच कामाच्या दिवशी उत्तर गेलं पाहिजे, दर ठरलेला नसला तरी. "मिळालं, वाचलं, उद्या दुपारपर्यंत दर आणि वेळ कळवते" एवढं पुरे. लोक अडकतात ते इथेच. पूर्ण उत्तर तयार होईपर्यंत काहीच पाठवत नाहीत, आणि तोवर समोरच्याने आणखी दोघांना विचारलेलं असतं.

मग प्रश्न. व्हिडिओच्या कामात मी हे पाच सोडत नाही:

१. हे कुठे दाखवणार? (आडवं, उभं की दोन्ही, हे इथेच ठरतं.)
२. लांबी किती, आणि ती कुणी ठरवली?
३. कच्चा माल किती तासांचा आहे, आवाज वेगळा रेकॉर्ड केलाय का?
४. तारीख प्रकाशनाची आहे की तुम्हाला बघायला हवं त्याची?
५. अंतिम मंजुरी कोणाची?

पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्याशी बोलणारा माणूस खूश होतो, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या होतात, आणि शेवटी आजवर कुठेच न दिसलेले वरिष्ठ उगवून म्हणतात, "ही कल्पनाच नको." तेव्हा खरी पंचाईत तुमच्याशी बोलणाऱ्याची होते. म्हणून पहिलाच कच्चा कट (व्हिडिओची पहिली ढोबळ जुळणी) त्या वरिष्ठांना दाखवायचा आग्रह धरा. "नंतर तुमची धावपळ नको म्हणून आत्ताच दाखवून घेऊया का?" असं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. फोन ठेवल्यावर तासाभरात सहा-सात ओळींत काय ठरलं ते लिहून पाठवा. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

---

रंगारी_रात्रीचा

विषय चांगला आहे, पण हे जम बसलेल्यांना बोलायला सोपं. ज्याच्याकडे एकही क्लायंट नाही त्याने कोणाशी चांगलं वागायचं? दिसलंच नाही तर कळणार कसं? आठ दिवस काही टाकलं नाही की पोस्ट कुणाला दिसेनाशा होतात. स्वजाहिरातीला उगाच नाकं मुरडण्याची फॅशन आली आहे असं माझं स्पष्ट मत.

---

टाइपखिळा

रंगारी, मुद्दा रास्त आहे. पण सापडणं आणि सतत ओरडणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया.

सापडण्यासाठी एक पान लागतं. त्यावर ८ ते १२ कामं, जास्त नकोत, कारण बघणारा सगळ्यात कच्च्या कामावरून अंदाज बांधतो. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी: काम कशासाठी होतं, अडचण काय होती, त्यात तुमचा भाग कोणता. बाकी कोणी काय केलं तेही लिहा (छायाचित्रण, मजकूर, अक्षरलेखन). याचा दुहेरी फायदा. श्रेय मिळालेले लोक तुमचं पान स्वतःहून इतरांना दाखवतात, आणि बघणाऱ्याला कळतं की हा माणूस इतरांसोबत काम करू शकतो. ईमेल पत्ता पहिल्याच पडद्यावर दिसला पाहिजे. वर्षातून दोनदा पान झाडून घ्या. क्लायंट नसेल तर स्वतःहून केलेली कामंही चालतात, फक्त तसं स्पष्ट लिहा. काल्पनिक काम खऱ्या ब्रँडचं म्हणून खपवलेलं पटकन उघडं पडतं.

आता ओरडण्याबद्दल. इरीन स्कोपेलिटी, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि योआखिम फॉसगेराऊ यांचा २०१५ चा अभ्यास आहे. स्वतःचं कौतुक सांगणाऱ्याला वाटतं, ऐकणारा आपल्या आनंदात सामील होतोय, आपला अभिमान बाळगतोय. ऐकणाऱ्याला त्याच्या अंदाजापेक्षा वैताग जास्त आणि आनंद कमी होत असतो. गंमत म्हणजे हा फरक सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही, म्हणून तो थांबत नाही.

उलट तेच कौतुक तिसऱ्याने केलं की खपतं. जेफ्री फेफर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. बोलणारा पैसे घेऊन तुमची बाजू मांडतोय हे माहीत असलं, तरी स्वतः बोलण्यापेक्षा ते बरं ठरलं. म्हणून अभिप्राय मागायला लाजू नका, पण वेळ साधा. अंतिम फाइल गेली, पैसे आले की आठ-दहा दिवसांत मागायचा. "दोन ओळी लिहाल का" म्हटलं की "उत्तम काम, धन्यवाद" एवढंच हाती लागतं, त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा तीन प्रश्न पाठवा: काम देण्याआधी कशाची धास्ती होती? कुठला टप्पा अपेक्षेपेक्षा सोपा गेला? आमच्याकडे काम द्यावं असं कोणाला सुचवाल? उत्तरं जोडून मजकूर करा आणि छापण्याआधी त्यांना दाखवून परवानगी घ्या.

---

अनुवादिनी

रंगारींच्या "कोणाशी चांगलं वागायचं" या प्रश्नाला समाजशास्त्रात जुनं उत्तर आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये विरळ ओळखींवर एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की ती खबर देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारा म्हणणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारा ५५.६, क्वचितच भेटणारा २७.८. कारण सरळ आहे. जिवलग मित्रांना तेच माहीत असतं जे तुम्हालाही माहीत असतं. वेगळ्या वर्तुळातली खबर अर्धवट ओळखीच्या माणसाकडून येते. २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. तिथेही हेच दिसलं, फक्त एक पुस्ती जोडून: अगदीच नावापुरती ओळख फारशी कामाची नाही, मध्यम विरळ ओळख सगळ्यात उपयोगी.

थोडक्यात, नव्या माणसाकडेही हे भांडवल असतंच. सोबत शिकलेले, जुने सहकारी, कार्यशाळेत शेजारी बसलेले, ज्यांच्या कामावर कधीतरी नेमकी प्रतिक्रिया दिली होती ते. यांची एक तक्ता-फाइल करा. रकाने पाचच: नाव, ओळख कुठली, सध्या काय करतात, शेवटचं बोलणं कधी आणि कशाबद्दल, पुढे कधी. आठवड्याचा एक वार धरा, अर्धा तास, तीन ते चार माणसं. नवीन माणूस रोज एक तास पोस्टवर घालवतो, त्याच्या मानाने हे काहीच नाही.

संदेश कसा असावा? त्यात मागणी नको आणि तो दुसऱ्या कुणालाही पाठवता येऊ नये. उदाहरणार्थ: "तुमच्या नव्या अंकातली अनुक्रमणिका बघितली. लेखकांची नावं डावीकडे घेतल्यामुळे शोधणं खूप सोपं झालंय. ही कल्पना कोणाची?" बस. काम मिळेल का, माझं पान बघा, हे शेपूट जोडलं की आधीचं सगळं खोटं वाटायला लागतं. आणि शंभर जणांना एकच फॉरवर्ड पाठवणं म्हणजे संपर्क ठेवणं नव्हे, तीही जाहिरातच, फक्त शेजारच्या खिडकीतून.

---

मौनराग

एक गैरसमज आत्ताच दूर करतो, नाहीतर अबोल मंडळी धागा सोडून जातील. माणसाळलेलं असणं म्हणजे गप्पिष्ट असणं नाही. आवाजाच्या कामात कितीतरी जण फोनवर चार वाक्यं बोलतात आणि तरी त्यांना सोडायला कोणी तयार नसतं, कारण त्यांच्या हातून आलेली फाइल पुढच्या माणसाला त्रास देत नाही. सौजन्याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे सोपवणी.

आवाजाचं उदाहरण घ्या. व्हिडिओसाठी असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल). निवेदन, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांचे ट्रॅक वेगवेगळे, सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे, म्हणजे संकलकाने ते टाइमलाइनवर टाकले की आपोआप जुळतात. इथेच लोक घोळ घालतात. संगीत दहाव्या सेकंदाला सुरू होतं म्हणून फाइलही तिथूनच कापून देतात, आणि संकलक तासभर जुळवत बसतो. लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारी आवाजाची पातळी, किती हवा ते आधीच विचारा (एलयूएफएस आणि एलकेएफएस ही त्याचीच एककं). प्रसारणाचं युरोपीय मानक -२३ एलयूएफएस आहे, अमेरिकेतलं -२४ एलकेएफएस. इंटरनेटसाठीचे आकडे वेगळे असतात. फाइलच्या नावात प्रकल्प, घटक, आवृत्ती आणि तारीख. "फायनल_फायनल_नवीन" असं नाव दिलेली फाइल तीन महिन्यांनी उघडणाऱ्याच्या तोंडून काय निघेल याची कल्पना करा.

सोबत पाच ओळींची टीप: काय दिलंय, काय दिलेलं नाही, कुठल्या संगीताचा परवाना कशापुरता आहे, एखादी शंका राहिली असेल तर ती कुठल्या मिनिटाला.

---

टाइपखिळा

मौनराग, +१. छपाईतही हेच. ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र), प्रत्यक्ष छापायच्या आकाराला ३०० पीपीआय (इंचाला इतके पिक्सेल), फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत, आणि मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा. बारीक अक्षरं चार शायांच्या काळ्यात गेली की प्लेट केसभर सरकली तरी अक्षराच्या कडेला रंगीत सावली येते. हे छापखान्यातल्या माणसाने पकडलं तर तो क्लायंटला सांगतो, क्लायंट तुम्हाला. आधीच नीट असेल तर कोणीच काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी छापखानाच तुमचं नाव सुचवतो. छापखाना, रंगतपासनीस, स्टुडिओचा व्यवस्थापक यांच्याकडून किती कामं येतात हे लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण यांच्याशी बोलताना ते घाईत असतात.

---

निळी_शाई

सगळं वाचलं, पण एक बाजू राहतेय. चांगलं वागणाऱ्याला लोक गिळतात. "तुम्ही इतके समजूतदार आहात म्हणून विचारतो, एवढं जरा करून द्या ना." मग सहावी फेरी, सातवी फेरी, पैसे पुढच्या महिन्यात. गोड बोलणारे शेवटी फुकट राबतात आणि फटकळ लोक वेळेवर पैसे घेऊन जातात. यावर काय म्हणणं आहे?

---

अनुवादिनी

निळी_शाई, प्रश्न नेमका आहे. मऊ बोलणं आणि मऊ अटी या एकत्र आल्या की हे होतं. बोलणं मऊ ठेवायचं, अटी आधीच कागदावर कडक.

सुरुवातीलाच लिहायचं: दरात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आहेत. एक फेरी म्हणजे सगळ्यांच्या सूचना एकत्र करून एकदाच पाठवलेली यादी. ही व्याख्या नसेल तर पाच जणांचे पाच मेल पाच दिवस येत राहतात, त्यात दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध असतात, आणि निवाडा तुम्ही करायचा. मान्य झालेल्या आराखड्यात बदल म्हणजे दुरुस्ती नाही, ते नवीन काम, हेही त्याच पानावर.

नवीन मागणी आली की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. तीन ओळींची बदल-टीप पाठवा: "हे करता येईल. त्याने दोन दिवस वाढतील आणि दर इतका वाढेल. सध्याच्या तारखेतच हवं असेल तर त्याबदली परिशिष्ट पुढे ढकलावं लागेल. कसं करूया?" यात चिडचिड नाही, कोणाची चूक काढलेली नाही, आणि फुकटही काही नाही. बहुतेक वेळा मागणी तिथेच गळते, कारण तिची किंमत कोणी मोजलेलीच नसते.

पैशांचंही तसंच. सुरुवातीला ४० टक्के, पहिल्या मसुद्याला ३०, अंतिम फाइलआधी ३०, अशी विभागणी ठेवली की शेवटी भांडायची वेळ येत नाही. इन्व्हॉइसच्या मुदतीच्या दोन दिवस आधी साधी आठवण, मुदत उलटल्यावर तिसऱ्या दिवशी दुसरी, दहाव्या दिवशी फोन. फोन शक्यतो लेखा विभागाला. तिथल्या माणसाचं नाव पहिल्याच कामात विचारून ठेवायचं असतं. बऱ्याचदा पैसे अडतात ते कुठला तरी क्रमांक इन्व्हॉइसवर नसतो म्हणून, आणि ते सांगणारा हाच माणूस असतो. फटकळ माणूस क्लायंटवर खेकसतो, ज्याच्या हातात ते नसतंच.

---

कात्रीवाली

यात वाईट बातमीची भर. उशीर होणार हे कळलं त्याच दिवशी सांगायचं, मुदतीच्या दिवशी नव्हे. मेलमध्ये चारच गोष्टी: काय उशिरा होईल, नवी तारीख कोणती, दरम्यान तुम्हाला काय मिळेल (अर्धवट कट, पहिला भाग, काहीही), आणि तुमच्या बाजूला कशावर परिणाम होईल ते कळवा. कारण एका वाक्यात. आजारपणाचं, वीज गेल्याचं, हार्ड डिस्कचं पुराण लांबलं की वाचणाऱ्याला वाटतं आता याला धीरही आपणच द्यायचा. आणि नवी तारीख देताना मनातल्या तारखेत एक दिवस मिळवा. दुसऱ्यांदा तारीख चुकली की पहिल्या मेलची सगळी पुण्याई जाते.

---

रंगारी_रात्रीचा

बरंचसं पटलं. तरी एक अपवाद नोंदवा: जो चित्रकार स्वतःच्या प्रिंट विकतो, शिकवण्या घेतो किंवा वाचकवर्गणीवर जगतो, त्याचा ग्राहक म्हणजे फॉलोअरच. तिथे पोस्ट टाकणं हे दुकान उघडणं झालं, त्याला बढाई म्हणता येणार नाही.

दुसरं, काम जास्त झालं की दुसऱ्याकडे पाठवावं असं सगळे म्हणतात. ते नक्की कसं करायचं? नुसता नंबर दिला की दोघेही वैतागतात.

---

टाइपखिळा

अपवाद शंभर टक्के मान्य. तिथेही पोस्टखालच्या प्रश्नांना उत्तरं देणारा जास्त विकतो असं माझं मत, पण तो वेगळा धंदा आहे.

काम पुढे पाठवण्याची रीत: आधी ज्याच्याकडे पाठवायचं त्याला विचारा. काम कुठलं, तारीख कधीची, बजेट साधारण काय, क्लायंट कसा आहे हे खरं खरं सांगा. त्याने हो म्हटलं की क्लायंटला लिहा: "या महिन्यात माझ्याकडे जागा नाही. या प्रकारचं काम अमुक चांगलं करतात, त्यांचं हे पान. जोडून देऊ का?" त्यानेही होकार दिला की दोघांना एकाच मेलमध्ये घ्या, दोन वाक्यांत ओळख करून द्या आणि बाजूला व्हा. प्रत्येक मेलच्या प्रतीत राहायचा हट्ट नको. दलाली घेणार असाल तर दोघांनाही आधी सांगा. लपवलेली दलाली आज ना उद्या दरातून कळतेच. आणि ज्याचं काम तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही त्याचं नाव उपकार म्हणून देऊ नका, "नाव ऐकलंय, काम पाहिलेलं नाही" एवढं म्हणायला काही हरकत नाही.

---

निळी_शाई

उत्तरं पटली, वाखूसा (वाचनखूण साठवली). शेवटचं एक विचारते. जुना चांगला क्लायंट, वर्षभर काही बोलणं नाही. आता लिहिलं तर "काम नाही म्हणून आठवण आली" असं वाटणार. मग?

---

अनुवादिनी

काम नाही म्हणूनच लिहीत असाल तर तसं लिहा. आडून लिहिलेलं लगेच ओळखू येतं. "नमस्कार. मागच्या वर्षी आपण वार्षिक अहवाल केला होता. त्याची पुढची आवृत्ती यंदा निघणार असेल तर माझ्याकडे पुढच्या महिन्यापासून वेळ आहे. निघणार नसेल किंवा दुसऱ्या कुणाला दिलं असेल तरी हरकत नाही. गेल्या वेळची शब्दसूची आणि शैलीपत्रक जपून ठेवलंय, ज्यांना काम दिलं असेल त्यांना हवं असल्यास कळवा, पाठवते." शब्दसूची खरंच जपलेली असली पाहिजे, एवढी एकच अट. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एक ओळ, त्यानंतर तक्त्यात सहा महिन्यांपुढची तारीख.